अण्णांचा कलप

अण्णांनी महिनाभर केसांना कलप लावला नाही, त्यामागचा हिशोब सरळ होता. निवृत्तीचं वय पाच वर्षांनी वाढवून पेन्शन तेवढीच पुढे ढकलायची, असं कंपनीने ठरवलं होतं. त्याविरुद्ध युनियनने फर्मान काढलं : पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी डोक्याला पावडर फासून, म्हातारे बनून गेटवर यायचं. पेन्शन मिळेपर्यंत आपली काय दशा होणार, ते साहेबांना दिसू दे. जे पांढरंच करायचं, ते आधी काळं कशाला करा? आदल्या दिवशी अण्णांनी न्हाव्याकडून उरलंसुरलं काळंही कापून घेतलं. तोवर टोपीवर भागवलं.

कलपाचं गुपित फक्त बायकोला ठाऊक होतं. अण्णा कारखान्यात क्रेन चालवत. वर बसले की हात पक्का. शिडी मात्र गुडघ्यांना सोसेना. नवे साहेब तर कुणी म्हातारा दिसला की त्याला यंत्रावरून काढून झाडलोटीला लावत. पगार कमी, आणि पेन्शन शेवटच्या पगारावर. जुन्या नियमाने एकच वर्ष उरलं होतं, तेवढं कसंबसं ओढायचं होतं.

"अहो, कुणी ओळखलं तर?" बायकोने विचारलं.

"सगळेच पांढरे असणार. माझ्याकडे कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. बाकीचे पिठात पडल्यासारखे दिसत होते, त्यात अण्णांनी टोपी काढली.

"आयला! मेकअप कुणी केला?" वेल्डर म्हणाला.

"बायकोने."

"मिशीची मुळंसुद्धा सोडली नाहीत वहिनींनी!"

युनियनचा सेक्रेटरी खूश झाला. "अण्णा, साहेब खिडकीत आहेत. म्हातारा माणूस क्रेनवर कसा चढेल, ते दाखवाच त्यांना."

अण्णा चढले. चौथ्या पायरीवर गुडघा अडला.

"वा! आता कमरेवर हात!" सेक्रेटरी खालून ओरडला.

अण्णांनी ठेवला, कारण ठेवावाच लागला. अर्ध्यावर ते दांडीला कपाळ टेकून दम खात राहिले. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. वेल्डरच्या तर हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतले साहेब हसत नव्हते.

निदर्शनं संपली. भोंगा व्हायच्या आत सगळे नळावर जमले. पावडर मोरीतून वाहून गेली आणि काळी डोकी वर आली. अण्णांची टोपी गर्दीत हरवली होती. त्यांनीही डोकं नळाखाली धरलं. दुसरं करणार काय?

"नीट चोळा अण्णा, राहिलीय अजून," म्हणत वेल्डर स्वतःच साबण घेऊन चोळू लागला. मग त्याचा हात थांबला.

"म्हणजे शिडीवर ते..."

"वर्षच राहिलंय रे," अण्णा म्हणाले.

नळ वाहत राहिला. आपण टाळ्या वाजवल्या, याची सगळ्यांना फार लाज वाटली.

तेवढ्यात शिपाई सांगत आला : साहेब खाली येतायत, शिडीवर अडलेला माणूस कोण ते बघायला. सेक्रेटरीने पावडरचा डबा उघडला, अर्धा स्वतःच्या ओल्या डोक्यावर उपडा केला आणि उरलेला वेल्डरच्या हातात दिला.

साहेब आले तेव्हा प्रत्येक यंत्रापाशी एक म्हातारा उभा होता.

"मघाशी शिडीवर कोण होतं?"

"मी," वेल्डर गुडघा चोळत म्हणाला.

"मी होतो साहेब," सेक्रेटरी खोकला.

साहेब एकेकाला न्याहाळत अण्णांपाशी आले. इतरांच्या डोक्यांवर चिखल झाला होता.

"तुमची पावडर बरी बसलीय," असं म्हणून ते पुढे गेले. दारात वळून त्यांनी विचारलं, "आणि हे सोंग किती दिवस चालणार?"

"पेन्शनचा निर्णय मागे घेईपर्यंत," सेक्रेटरी म्हणाला. असा कुठलाही ठराव युनियनने केला नव्हता. तो त्या क्षणी झाला.

संध्याकाळी बायको कलपाची वाटी घेऊन आली. "चला, बसा. उद्या कामावर जायचंय ना?"

"नको," अण्णा म्हणाले. "उद्या काळे केस घेऊन गेलो, तर मी एकटाच ओळखू येईन."