मानवी हस्तक्षेप : शून्य

मानवाला कष्टांतून मुक्त करणे हेच यंत्रविद्येचे अंतिम ध्येय आहे. नेमक्या कोणत्या मानवाला, हे त्या त्या प्रकल्पाच्या अहवालात पाहून घ्यावे.

डब्याच्या झाकणात रबरी रिंग बसवणारा यांत्रिक हात तयार करायला इंजिनिअरसाहेब एकोणीस वर्षं खपले. हात उत्कृष्ट होता. तो रिंग उचलायचा, झाकणावर आणायचा आणि किंचित तिरकी ठेवायचा. एवढं किंचित सोडलं तर स्वयंचलन शंभर टक्के होतं. (किंचितसाठी शेजारच्या पत्र्याच्या कपाटात स्टूल टाकून फिटरकाकांना बसवलं होतं. फटीतून हात घालून ते रिंग अंगठ्याने दाबत. मिनिटाला चौदा.)

या यंत्रावर साहेबांचे बावीस शोधनिबंध आहेत. त्यांतल्या आकृत्यांत काका 'स्पर्शाधारित सूक्ष्म-समायोजक' या नावाने ठिपक्यांच्या चौकटीत आढळतात. अचूकता ९९.६ टक्के. (उरलेले ०.४ म्हणजे काकांची सर्दी.)

साहेबांचं संचालकपद नियामक मंडळाच्या पाहणीवर अडलं होतं आणि पाहणी सोमवारी होती. शुक्रवारी काका निवृत्तीचा अर्ज घेऊन आले.

"साठ झाली, साहेब. पाठ धरलीय. लेकीकडे जातो."

"आत्ता? अहो काका, तुमच्या पुढच्या आवृत्तीवर काम चाललंय."

"ती लेकीच्या पोटात आहे. नववा लागलाय तिला."

अर्ज आस्थापना विभागात गेला. तिथल्या बाईंनी नोंदी तपासल्या. काका कर्मचारी नव्हतेच. सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या विभागाचं मनुष्यबळ शून्यावर आणताना त्यांना यंत्रसामग्रीत वर्ग केलं होतं. यंत्राला निवृत्ती नसते. ते भंगारात काढता येतं, पण त्यासाठी 'दुरुस्तीपलीकडे' असा इंजिनिअरचा दाखला लागतो.

साहेबांचं मन फार कोवळं. त्यांनी काकांना उभं केलं, चालवलं, वाकवलं आणि अर्जावर लिहिलं, 'यंत्र सुस्थितीत'.

काकांनी शेरा दोनदा वाचला. "तेलपाणी तेवढं राहिलं बघा," म्हणाले आणि डबा-पिशवी उचलून फाटकाबाहेर पडले. (भांडारप्रमुखाने यंत्र चोरीला गेल्याची रीतसर तक्रार दिली आहे. तपास चालू आहे.)

सोमवारी मंडळ आलं. यांत्रिक हात डौलात फिरला. रिंगा बसत गेल्या.

"पण हे बनवणारे कुठे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेब पुढे पुढे करत नाहीत," सहायक म्हणाला.

हा विनय पाहून मंडळ गहिवरलं. नेमणूक जागेवर झाली. अभिनंदनाचा हार कपाटाला घालण्यात आला, कारण तेच जवळ होतं.

संचालकांची केबिन दुसऱ्या मजल्यावर आहे, प्रशस्त आहे आणि रिकामी असते. पहिल्या पाळीच्या भोंग्याला साहेब कपाटात शिरतात. निबंध तेविसावा निघाला. अचूकता मात्र एकाहत्तरवर आली आहे. अंगठा शिकलेला आहे, सवयीचा नाही.

मागच्या महिन्यात तुम्ही सहकुटुंब कारखाना पाहायला आलात, तेव्हा टाळ्या तुम्हीच सुरू केल्यात. निघताना तुम्हाला भेट मिळालेला डबा गळतो.