उन्हाची रवानगी

जगात कोणतीच गोष्ट नष्ट होत नाही, ती फक्त पुढे पाठवता येते. विज्ञानाला हे कळायला शतकं लागली. कार्यालयांना ते पहिल्याच टपालात कळलं होतं.

त्यामुळे ऊर्जाबचत कार्यालयाच्या खिडक्यांना ऊन परतवणारी चकचकीत फिल्म लावायचं ठरलं, तेव्हा हेडक्लार्कांना त्यात नवल वाटलं नाही. आलेलं ऊन आत घ्यायचं नाही, समोर पाठवायचं. (अर्जांचं ते उभ्या नोकरीत हेच करत आले होते.) फिल्म लागली, खोली गार झाली. आतल्याला बाहेरचं सगळं दिसे, बाहेरच्याला फक्त स्वतःचं तोंड. कारभार इतका पारदर्शक पूर्वी कधीच नव्हता. उष्णता साठ टक्क्यांनी घटली, दुपारची डुलकी तितकीच वाढली, आणि अहवालात दोन्हींची बेरीज 'कार्यक्षमता' या रकान्यात झाली.

अडचण एकच होती. रस्त्यापलीकडे हेडक्लार्कांच्या थोरल्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं आणि ते रोज दुपारी तिथंच जेवत. जिथं कधी ऊन फिरकलं नव्हतं, तिथं आता ते थेट मशीनवर येऊन बसलं. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या कोटाची एकच बाही विटली. आणखी एक कोट असा गेला तर दुकानाला कुलूप, असं ताई म्हणाली, आणि ती चेष्टा करत नव्हती.

"तुमचं ऊन आमच्याकडे आलंय," ती ताट वाढत म्हणाली. "घेऊन जा."

हेडक्लार्कांनी घाम पुसत समजावलं की ते ऊन कार्यालयात दाखलच झालेलं नाही, सबब परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ताईने ताटातली भाजी उचलून पातेल्यात परत ओतली. प्रश्न उद्भवला.

दुसऱ्याच दिवशी उरलेल्या गुंडाळीतली फिल्म ताईच्या खिडकीला लागली. ऊन कार्यालयाकडे परत आलं, कार्यालयाने ते पुन्हा पाठवलं, आणि काही दिवस दोन्ही खिडक्यांत असा पत्रव्यवहार चालला. शेवटी ते मधल्या बसथांब्यावरच मुक्कामाला राहिलं.

दुकान आता गार आहे, पण अंधारं. दिवसभर दिवा लागतो. (बचत अबाधित आहे, बिल ताईच्या नावावर येतं.) तिला सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून जेवण झाल्यावर हेडक्लार्क तिला सुया ओवून देतात. त्यांच्या हातून कुणाच्या उपयोगी पडलेलं हे पहिलंच काम. ते जीव लावून करतात, आणि ताईला भावाचं खरंच कौतुक वाटतं.

बसथांब्याची मात्र तक्रार नाही. तिथं कुणी राहत नाही. ज्याला पत्ता नाही त्याला उत्तर धाडता येत नाही, आणि ज्याला उत्तर धाडता येत नाही त्याची तक्रार धरत नाहीत.

तरी हेडक्लार्क मनातून धास्तावलेले असत. परवा तुम्ही त्या थांब्यावर उभे होतात. घामाघूम होऊन, कपाळाला आठ्या घालून तरातरा कार्यालयाच्या खिडकीपाशी आलात, तोंडही उघडलंत. आली तक्रार, असं म्हणून हेडक्लार्क उठून उभे राहिले. मग तुम्ही काचेत बघून दातात अडकलेलं काढलंत, भांग सारखा केलात, पोट आत ओढून एका बाजूने स्वतःला न्याहाळलंत, आणि उन्हात परत जाऊन उभे राहिलात.

आत सगळ्यांनी पाहिलं. अहवालात 'नागरिक समाधानी' अशी नोंद आहे.