मास्तरांनी विसरून जेवावं म्हणून

डॉक्टरांनी मास्तरांच्या रोज्यांवर काट मारली, तेव्हा रमजानला चार दिवस उरले होते. "दुपारचं जेवण आणि त्यानंतरची गोळी चुकली, तर मी जबाबदार नाही," असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी नंदीबैलासारखी मान डोलावली आणि पहिल्याच पहाटे सहरीच्या जेवणाला सगळ्यांच्या आधी उठून बसले.

"अहो, आजाऱ्याला सूट आहे," मास्तरीणबाई कळवळून म्हणाल्या.

"आजारी आहे कोण? मी जरा जुना झालोय, इतकंच."

मास्तर म्हणजे शिंपी. राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गेल्या वर्षी शिवता शिवताच त्यांना घेरी आली होती. तेव्हापासून मशीनचं चाक थांबलं, की स्वयंपाकघरात बाईंचं काळीज थांबायचं. चाक पुन्हा फिरलं, की मगच त्या पोळी उलटायच्या. हा माणूस दुपारी जेवला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मग त्यांना वडिलांनी सांगितलेलं आठवलं. रोजेदारानं विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही. त्याला अल्लाहनंच खाऊ घातलेलं असतं. आणि विसरण्यात तर मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कालच त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या आणि वर 'हल्ली माणसंच सरळ उभी राहत नाहीत' म्हणून गिऱ्हाइकालाच झापलं होतं. बाईंनी विचार केला, अल्लाहचं काम आपण जरा सोपं केलं तर कुठं बिघडलं?

दुपारी त्यांनी भात, डाळ आणि उकडलेलं अंडं असं ताट कापड बेतायच्या टेबलावर, मास्तरांच्या अगदी कोपराशी ठेवलं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नमाजाला आत गेल्या. तासाभरानं येऊन बघतात तर ताट लख्ख! "शुक्र आहे!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर काही न घडल्यासारखे कॉलर बेतत होते. शेजारी काजवाला चटईवर बसून काजं करत होता. हा एकटा जीव, गावात ना नातं ना गोतं; रोज दुपारी तयार कपड्यांची काजं-बटणं करायला यायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भात वाढवला. तिसऱ्या दिवशी भुकेनं भान हरपावं म्हणून डाळीत भूक वाढवणारं टॉनिक घातलं. टॉनिक लागू पडलं. आठवड्याभरात भाताचा डोंगर झाला, तोही भुईसपाट व्हायला लागला. पण नवल असं, की मास्तरांनी स्वतःची विजार कमरेत दोनदा आत घेतली. रोज ताट रिकामं होत होतं आणि ताटाबरोबर मास्तरही.

"जंत," नणंदबाईंनी निदान केलं. "खाणारा एक, पोट दुसऱ्याचं." आणि जंतांचं औषधही दिलं. बाईंनी तेही डाळीत कालवलं.

दुसऱ्या दिवशी ताट जसंच्या तसं! मास्तर सारखे दाराकडे बघत होते. "आज काजवाला आला नाही. पोट बिघडलंय म्हणे," ते हळहळले. बाईंच्या डोक्यात काहीतरी खट्कन वाजलं, पण मनाला पटेना. तिसऱ्या दिवशी त्या ताट ठेवून आत गेल्याचं नाटक करून पडद्याआड उभ्या राहिल्या.

मास्तरांनी ताट उचललं आणि अलगद काजवाल्यापुढे सरकवलं.

"वहिनींच्या हाताला चव आहे," काजवाला जेवता जेवता म्हणाला. "डाळीला तेवढा औषधाचा वास येतो."

"हळू बोल! तिनं न बोलता द्यायचं, आपण न बोलता घ्यायचं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू देत नाही, अशी बाई आहे ती. प्रत्येक नमाजात मी तिच्यासाठी दुआ मागतो."

पडद्याआड हसावं की रडावं कळेना. दोन्ही करतच बाई बाहेर आल्या.

"अहो, ताट तुमच्यासाठी होतं!"

काजवाल्याचा घास हातातच राहिला. मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. "माझ्यासाठी? रोज्यात?"

"तुम्ही विसरून खाल म्हणून! आणि जंतांचं औषध..."

"तरीच!" काजवाल्यानं पोटावर हात ठेवला.

मास्तर आधी हसले. मग मशीनवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "अगं, मी बाह्या विसरेन. पण पहिल्या रोज्याला मशीन थांबवली, तर ह्याच्या पोटाचा आवाज ऐकू आला. अकरा वर्षं हा इथंच बसतोय. दुपारी मी पोटभर जेवून बसायचो, तेव्हा मला कधी ऐकू आला नव्हता. रोजा पोटाचा धरला आणि उघडले कान. तेवढ्यात तुझं ताट आलं. मला वाटलं, तुलाही ऐकू आलं."

"मला तुमच्या मशीनशिवाय काही ऐकूच येत नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ती थांबली, तर मी काय ऐकत बसू?"

ह्यावर उत्तर काजवाल्यानं दिलं. "मास्तर, रोजा ज्यानं सांगितला, सूटही त्यानंच दिली ना? त्यानं पुढं केलेलं ताट परत ढकलायचं, ही कुठली अदब? ज्याला झेपत नाही, त्यानं रोज्याच्या बदल्यात एका उपाशी माणसाला जेवू घालावं. ते तर तुमच्या घरात सुरूच आहे."

मास्तर बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले. दोरा काही ओवला गेला नाही. संध्याकाळी खजुरानं रोजा सोडताना ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून दोन ताटं कर."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन ताटं मांडली. डाळीत ना जंतांचं औषध, ना टॉनिक. मास्तर शाळेतल्या पोरासारखे गुमान बसले. काजवाल्यानं मात्र आपलं ताट उचलून बाईंच्या हातात दिलं.

"माझं संध्याकाळी, वहिनी. आज माझा रोजा आहे."

"तुमचा?"

"सहरीला घरात काही नसायचं, अंगात जीवही नसायचा. तुमच्या ताटांनी उभा राहिलो. म्हटलं, आता ह्याबद्दल आभार मानायला तोंड बंदच ठेवलेलं बरं."

मास्तरांचा घास हवेतच. एकदा काजवाल्याकडे बघतात, एकदा बायकोकडे. बाईंनी काजवाल्याचं ताट झाकलं आणि पाण्याचा तांब्या मास्तरांपुढे सरकवला. उद्याच्या सहरीला एक भांडं जास्त चढवायचं, हे त्यांचं मनात ठरलंही होतं.

"खा," त्या म्हणाल्या. "विसरून नको. आठवणीनं खा."