खालचा आवाज

आमचे शेजारी देवाजीभाऊ कोणालाही शुभेच्छा तोंडाने देत नाहीत. मोबाईलवर पाठवतात, आणि त्याही ऐकू येऊ नयेत अशी व्यवस्था करून.

बदली होऊन मी धानोऱ्याला आले, तेव्हा शाळेतली नवी मॅडम म्हणून बाकीच्यांनी चहाला बोलावलं. देवाजीभाऊंनी एक रेकॉर्डिंग पाठवलं. लावलं तर नाल्याचं पाणी वाहतंय, मधूनच एखादा पक्षी. बस्स. सकाळी कुंपणापाशी त्यांनी विचारलं, "मॅडम, झोप लागली का?"

लागली म्हटलं.

"लागनच. खाली टाकली व्हती."

जन्मभर त्यांनी लग्नांत आणि सभांत लाऊडस्पीकर लावले. आता धंदा बंद केलाय. घरी एक कॉम्प्युटर आहे, त्यात आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर. जंगलात जाऊन आवाज धरून आणायचे, त्यांच्याखाली स्वतःच्या आवाजात एक इच्छा बोलायची आणि ती इतकी बारीक करायची, की कानाला पत्ता लागू नये. "कान आयकत नाई, मन आयकते," म्हणत. इच्छा कोणती ते मात्र कधी सांगत नसत. सांगितली का तिचा जोर जाते, म्हणे.

एकदा ग्रामसभेची दवंडी त्यांनी रेकॉर्ड करून दिली आणि तिच्याखाली काहीतरी घातलं. एरवी पाण्याच्या टाकीवरून हमरीतुमरीवर येणारी सभा त्या दुपारी गप्प बसली. सरपंच तर डुलक्या घेत होते. त्या दिवशी ऊनही तसंच होतं, पण देवाजीभाऊ आठवडाभर छाती काढून हिंडले. अंडी न देणाऱ्या आपल्या कोंबड्यांनाही ते संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकवत. कोंबड्यांनी काही ऐकलं नाही.

घरात ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी सुषमा लग्न होऊन आलापल्लीला असते. तिचा रोज फोन यायचा. होळीच्या सुमारास आला तेव्हा मी तिथेच होते. तिला दिवस गेले होते. देवाजीभाऊंनी ऐकलं, चालू फोन टेबलावर ठेवला आणि अंगणात निघून गेले. फोनमधून "बाबा? बाबा?" असं चाललेलं. शेवटी मीच उचलला.

त्यानंतर त्यांनी तिचा फोन घेणंच सोडलं. रेकॉर्डिंगं मात्र तिला जात राहिली. मग तिने मला फोन केला.

"मॅडम, बाबा माह्याशी बोलत नाई अन् हे पाण्याचे आवाज पाठवून राह्यले. खाली काय हाये त्याच्या?"

मला माहीत नव्हतं.

"मंग मी लावत नाई. पोटात लेकरू हाये. काय टाकलं ते समजल्याशिवाय त्याले काऊन आयकवू?"

तिचं म्हणणं मी देवाजीभाऊंच्या कानावर घातलं. ते दुखावले. "बापावर भरोसा नाई तिचा?"

"तुम्ही बोलतच नाही, भाऊ. तिने समजायचं काय?"

मग त्यांनी कॉम्प्युटर लावला, पाण्याचा आवाज पार खाली नेला आणि खालचा आवाज वर आणला. "आयका तुमी," म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून दारात उभे राहिले.

"सुषमा, भिऊ नको. रस्ता चालू हाये. पुलावर पाणी नाई. गाडी आली. डॉक्टरबाई हाये. भिऊ नको." तेवढंच, पुन्हा पुन्हा.

"तिची माय दुसऱ्या लेकराच्या वक्ती गेली," ते दारातूनच म्हणाले. "नाला भरला व्हता. दवाखान्याची गाडी पल्याडच थांबली. मी तिचा हात धरून व्हतो, पण तोंडातून शब्द निघाला नाई माह्या. ती माह्या तोंडाकडे पाहून राह्यली व्हती."

मग ते कॉम्प्युटरपाशी परत आले. त्यांनी पाणी काढून टाकलं आणि नुसता तो आवाज सुषमाला पाठवला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. मी तो त्यांच्यापुढे धरला. या खेपेला त्यांनी घेतला.

"बाबा," सुषमा म्हणाली, "भेव मले नाई लागत. तुमाले लागते. तुमी इथी या."

दुसऱ्या दिवशीच्या बसने ते आलापल्लीला गेले. कोंबड्या माझ्या गळ्यात आल्या. पावसाळाभर ते लेकीकडेच राहिले आणि दिवस भरत आल्यावर, परतीचा पाऊस लागायच्या आत, हट्टाने तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात आणून ठेवलं. जावई नको म्हणत होते, पण त्यांचं काही चाललं नाही.

मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मी भेटायला गेले होते. सुषमाला आत नेत होते आणि देवाजीभाऊ स्ट्रेचरच्या कडेने चालत होते. दार लागलं तरी ते तिथून हलले नाहीत. बंद दाराला तोंड लावून मोठ्याने बोलत राहिले. भिऊ नको, मी इथीच हावो, पाऊस उघडला, डॉक्टरबाई चांगली हाये. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. नर्सने बाहेर येऊन सांगितलं, "भाऊ, हळू बोला, बाकीचे पेशंट आहेत."

ते वरमून गप्प झाले. आतून सुषमाचा दमलेला आवाज आला, "थांबू नका, बाबा. आयकू येऊन राह्यलं."