रज्जाकचाचांचा ठेका

सकाळी दात घासताना कुंपणापलीकडून आवाज आला, "बाई, टायरला काय जुळतंय?"

"फायर," मी म्हणाले.

"त्ये इंग्रजी झालं. आपलं सांगा."

"मग टायर कुठला मराठी आहे?"

"आमच्या एस.टी.चा हाय की!" रज्जाकचाचा दुखावले. मी शाळेत वीस वर्षं मराठी शिकवतेय, पण तोंडात फेस असताना मला यमक सुचत नाही.

रज्जाकचाचा आमचे भोरमधले शेजारी. एस.टी.त कंडक्टर होते. वेल्ह्याच्या डोंगरात, पार पासलीपर्यंतच्या गाड्यांवर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं मिरच्या-टोमॅटो लावतात. चाचांनी रॅप शिकायला घेतलं.

गुरू मिळाली ती माझीच जुनी विद्यार्थिनी, उत्रोलीची सायली. कॉलेजात शिकते, स्वतः रॅप लिहिते. चाचा तिला 'वस्ताद' म्हणत आणि ती आली की खुर्चीवरून उठत. ती लाजून अर्धी व्हायची, पण शिकवताना दयामाया नाही. "चाचा, चार ठोक्यांत ओळ बसली पाहिजे. तुमची ओळ बाहेर लोंबकळतेय."

"बसती की! आत लई जागा हाय," म्हणत चाचा वहीवर वाकायचे आणि शब्दांना हुकूम सोडायचे, "चला, पुढं सरका, पुढं सरका!" शब्द काही प्रवाशांइतके ऐकणारे नव्हते. तिसऱ्या ओळीला दम लागायचा, चौथीला खोकला. तरी अंगणातल्या स्पीकरवर ठेका लावून रोज संध्याकाळी सराव. सगळी आळी हैराण.

एकदा सायली म्हणाली, "रॅपमध्ये समोरच्याला थोडं खेचायचं असतं. काहीजण शिव्याही घालतात."

चाचा गंभीर झाले. "वस्ताद, सगळी नोकरी गर्दीत काढली, पन शिवी न्हाई दिली. आता मोकळ्या मैदानात कशाला देऊ?" मग त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्यांना खेचलं. आठ ओळी. खड्ड्यांनी मान खाली घालावी अशा.

कॉलेजच्या मैदानावर रॅपची स्पर्धा ठरली. वयाची अट कुणी घातली नव्हती, कारण ती लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. दारातल्या मुलीनं चाचांना अदबीनं सांगितलं, "आजोबा, प्रेक्षकांच्या खुर्च्या तिकडं."

"मी स्पर्धक हाय," चाचा म्हणाले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी. मी उगीचच ताठ चालू लागले, जणू मीच त्यांना जन्माला घातलंय.

दुपार कलली तेव्हा त्यांचं नाव पुकारलं. ठेका सुरू झाला.

"वेल्ह्याच्या रस्त्याला पंक्चर झाला टायर,
कोंबडी म्हनती पिशवीतनं, मला काढा भायर!
पासलीचा चढ हाय, गाडी झाली जड,
आज्जीला जागा दे, तू दांडीला धर!"

मैदान उसळलं. पोरं खुर्च्यांवर चढली. आणि त्या शिट्ट्यांच्या गदारोळात चाचा पुढची ओळ विसरले. माईक हातात, ओठ उघडे. ठेका एकटाच चालला होता. सायलीनं माझं मनगट घट्ट धरलं.

तेव्हा माझं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं. तिथं चाचांच्या बायको, हमीदाचाची, स्पीकरला खुर्ची चिकटवून बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या आजारात त्यांचे दोन्ही कान पूर्ण गेलेत. त्यांचा डावा तळवा स्पीकरच्या खोक्यावर सपाट टेकला होता. उजवा हात त्यांनी वर केला, चाचांच्या डोळ्यांत बघत. एक बोट. दुसरं. तिसरं. चौथ्या बोटाला चाचा बरोब्बर आत शिरले आणि शेवटपर्यंत कुठं अडकले नाहीत.

नंबर आला नाही. सायलीचा पहिला आला, तर चाचांनी तिच्यापेक्षा मोठ्यानं टाळ्या पिटल्या.

घरी जाताना मी विचारलं, "चाचा, तुमचा गळा गोड आहे. कव्वाली सोडून हे धडाडधूम कसं काय सुचलं?"

"कव्वाली हिच्यापत्तूर पोचत न्हाई ओ," ते हळू म्हणाले. "ह्यो ठोका पोचतो. हाताला कळतो. घरात दोघंच आमी. एकट्यानं काय ऐकायचं? आन ठेका माझ्यापरीस हिचाच पक्का, बगितलं न्हवं तुमी?" हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली गेली.

पुढं चालणाऱ्या चाची थांबल्या. "लोकं हसली व्हय?" त्यांनी विचारलं.

चाचांनी जोरात मान डोलावली.

"कंच्या ओळीला?"

चाचांनी इकडंतिकडं पाहिलं. मग ऊन आपल्या तोंडावर पडेल असे वळून, भर रस्त्यात चाचींसमोर उभे राहिले आणि ओठ नीट दिसतील अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करत, पहिल्यापासून सगळं म्हणू लागले. कोंबडीपाशी चाची खुदकन हसल्या.