दोन बोटांचा दरबार

प्रयोगाला सहा दिवस उरले असताना भाड्याच्या पगड्यांची पेटी आली आणि नाट्यमंडळ चालवणाऱ्या शरच्चंद्र वकिलांनी ती उघडून कपाळावर हात मारला. आठांपैकी दोन पगड्या उंदरांनी अर्ध्या केल्या होत्या, आणि उरलेल्या सहा इंदूरच्या माणसाला दाखवण्यासारख्या नव्हत्या.

"अरे भिया, ह्या घालून दरबार भरवला तर पब्लिक आपल्याला बड्या गणपतीच्या देवळापर्यंत पळवत नेईल!"

वकिलांचं म्हणणं खोटं नव्हतं. 'संगीत सिंहासनसौभाग्य' म्हणजे मंडळाचं आजवरचं सर्वांत दांडगं नाटक. रंगवलेले सात पडदे, मखमली सिंहासन, खास मागवलेला ऑर्गन. एवढा थाट करायचा आणि डोक्यावर उंदरांचं उष्टं?

तिथे बसलेल्या बाळकृष्ण खांबेट्यांना त्याच वेळी ती दुर्बुद्धी सुचली. "वकीलसाहेब, आपल्याकडे खरे मानकरी आहेत की! पगड्या त्यांच्या, अंगरखे त्यांचे. नुसतं येऊन बसायचं."

बाळकृष्ण सरकारी रेकॉर्डाच्या दप्तरात कारकून. बारा वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकात भालदार व्हायचे. भाला धरायचा, भिंतीला चिकटायचं, चकार शब्द बोलायचा नाही. गळा मात्र देवानं सोन्याचा दिलेला. यंदा मुख्य गवयाची बदली झाली आणि बाळकृष्णांना राजा मिळाला. तिसऱ्या अंकात भरल्या दरबारात गात गात प्रवेश! त्या एका पदासाठी त्यांनी दोन महिने लोणचं सोडलं होतं. बायकोनं, शशिकलाबाईंनी, देवासहून अख्खं माहेर बोलावलं होतं. 'जावई नाटकात असतात म्हणे, पण दिसत नाहीत,' हा माहेरचा टोमणा तिनं बारा वर्षं ऐकला होता.

मानकऱ्यांना विचारायचा अवकाश, आठच्या आठ तयार! संस्थान मध्यभारतात विलीन झालं तसे दरबार बंद पडले, आणि बिचाऱ्यांच्या पगड्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर दिवस काढत होत्या. मंगळवारी तालमीला मंडळी आली ती केवड्याचं अत्तर लावून. सगळ्यांत पुढे अप्पासाहेब मुळ्ये. पूर्वी दरबारचे पहिल्या बैठकीचे मानकरी, आणि आता रेकॉर्डाच्या दप्तराचे सुपरिंटेंडेंट. म्हणजे बाळकृष्णांचे साहेब.

बसायच्या जागेवरून लगेच तंटा पेटला. नानासाहेब गुप्ते सिंहासनाच्या उजवीकडे बसले होते.

"नाना, उठा. ती जागा माझी."

"एकतीसच्या दसऱ्याला मी इथंच बसलो होतो, अप्पा."

"कारण मला मलेरिया झाला होता!"

वकिलांनी टेप आणला. सिंहासनापासून कुणाची बैठक किती हातांवर, हे मोजण्यात ती तालीम गेली. बुधवारी अप्पासाहेबांनी सर्वांना रिवाज शिकवला. "महाराज आले की दरबार उभा राहतो. महाराज बसतात आणि अशी दोन बोटं हलवतात. मगच आपण बसायचं. बोटं हलायच्या आधी जो बसला त्याची जहागीर गेली असं समजा. बरं, महाराज कोण, वकील, तुम्हीच ना?"

"मी कुठला? हे आपले खांबेटे."

अप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. समोर तोच कारकून उभा होता.

"हा बाळू? ज्याला मी कालच फाइल चुकली म्हणून झाडला? ह्याच्यासाठी मी उठू? बिलकुल नाही!"

"नाटकात हो, अप्पासाहेब."

"नाटकात काय अन् दप्तरात काय, गुडघे माझेच ना? ह्या गुडघ्यांनी असल्या-तसल्यासमोर उठायचं नाही. मी हा चाललो."

आणि अप्पासाहेब चालले की बाकीचे सातही चालणार. पहिली बैठक रिकामी असताना दुसरीनं कसं बसायचं? वकील गयावया करू लागले. शेवटी तोड निघाली. राजा आत येणारच नाही. पडदा वर जाईल तेव्हा तो आधीच सिंहासनावर असेल. कुणी उठायला नको, कुणी बसायला नको.

"आणि माझं पद?" बाळकृष्णांनी विचारलं.

"प्रवेशच नाही तर प्रवेशाचं पद कुठलं, भिया? जाऊ द्या ना. पुढच्या साली बघू."

त्या दिवशी बाळकृष्ण घरी येऊन पाटावर बसले आणि समोरच्या पोळीकडे बघत राहिले. आपल्याच तोंडानं मानकऱ्यांचं नाव काढलं, म्हणून कुणाला बोलायचीही सोय नव्हती.

"लोणचं वाढ," ते म्हणाले. "आता काय करायचाय गळा?"

शशिकलाबाईंनी बरणी उचलली आणि परत फळीवर ठेवली. "रविवारपर्यंत नाही मिळणार. आणि मला सांगा, पूर्वी दरबारात ललकारी द्यायचे ते संताजी चोपदार, अजून आहेत ना हो?"

"आहेत. का?"

"काही नाही. असंच."

रविवारी संध्याकाळी थिएटर गच्च भरलं. पुढच्या तीन रांगांत संस्थानचे जुने पेन्शनर, चौथीत देवासचं माहेर. तिसऱ्या अंकाची घंटा झाली. बाळकृष्ण सिंहासनाकडे निघाले तोच शशिकलाबाईंनी विंगेत त्यांचा शेला धरला.

"थांबा, गाठ सुटलीय."

"अगं सोड, पडदा जाईल!"

"जाऊ दे."

पडदा गेला. सिंहासन रिकामं. अंगरखे ल्यालेले आठ मानकरी रिकाम्या मखमलीकडे बघताहेत आणि पलीकडच्या विंगेत वकील स्वतःचे केस उपटताहेत. एवढ्यात शशिकलाबाईंच्या मागून एक थकलेला म्हातारा पुढे झाला. त्यानं चांदीची काठी जमिनीवर आपटली आणि छाती भरून आवाज लावला.

"निगाऽऽह रखोऽऽ! आस्ते कदऽऽम! महाराऽऽज!"

तोच तो आवाज. तीस वर्षं दसऱ्याला ऐकलेला. अप्पासाहेबांना विचार करायला वेळच मिळाला नाही. डोक्यानं 'नाही' म्हणायच्या आत गुडघे उठले होते, कंबर वाकली होती आणि हात मुजऱ्याला गेला होता. आठही मानकरी उभे. एवढंच कशाला, पुढच्या तीन रांगांतले पेन्शनरसुद्धा उभे! मागून ओरडा झाला, "अरे दादाजी, बैठो ना, दिखता नहीं!" पण ऐकतो कोण?

शशिकलाबाईंनी महाराजांना पाठीत एक दणका दिला आणि महाराज प्रवेशले. पद कापल्याचं ऑर्गनवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. राजा दिसताच त्यानं सूर धरला.

बाळकृष्ण गायले. अहो, काय गायले! बारा वर्षांचं भिंतीला चिकटणं त्या एका तानेत वसूल झालं. लोकांनी "वन्स मोअर" केला. दुसरा झाला. तिसरा झाला. देवासच्या सासूबाई डोळे पुसत होत्या. फक्त एकच गोष्ट राहिली होती. गाण्याच्या भरात महाराज सिंहासनावर बसायचं विसरले होते.

"बाळू," अप्पासाहेब ओठ न हलवता म्हणाले, "बस! बोटं हलव!"

बाळूचे डोळे मिटलेले. तिकडे नानासाहेब एका पायावर आले होते. पण बोटांआधी बसून जहागीर कोण घालवणार? पाव तासानं महाराजांना भान आलं. ते बसले, दोन बोटं हलली आणि रंगमंचावरून आठ सुस्कारे एकदम निघाले. टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

प्रयोग संपल्यावर अप्पासाहेब तडक टांग्यात जाऊन बसले. झालं! "ग्वाल्हेरला बदली, पक्की," बाळकृष्ण घरी म्हणाले. शशिकलाबाईंनी ताटात लोणच्याच्या दोन फोडी वाढल्या.

सोमवारी साडेदहाला साहेबांनी बोलावलं. बाळकृष्णांनी चार फायली छातीशी धरल्या, मनात देवाचं नाव घेतलं आणि दार लोटलं.

अप्पासाहेबांनी मान वर केली. समोर बाळकृष्ण दिसले मात्र, आणि साहेब खुर्चीतून उठले. पुरते नाही, अर्धेच. मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते तसेच वाकून टेबलाखाली पेन्सिल शोधू लागले. पेन्सिल त्यांच्या कानावर होती.

बाळकृष्ण दारातच थबकले. फायली छातीशी तशाच होत्या. पण उजव्या हाताची दोन बोटं मोकळी होती, आणि ती आपली आपणच हलली.

अप्पासाहेब निमूट खाली बसले.