नानांची आंघोळ

विठ्ठलनानांनी आमच्या अंगणात पहिल्यांदा आंघोळ केली, तेव्हा घटकाभरात आमच्या दारात शेजारची माणसं जमून मडकं आणि बांबू कुठून आणायचे याची चर्चा करू लागली होती.

त्याचं झालं असं. वडिलांच्या मागे जळगावच्या पेठेतलं कापडाचं दुकान माझ्याकडे आलं आणि दुकानाबरोबर वडिलांचे जुने दिवाणजीही आले. त्यांच्या वह्यांवरून एकदा जाणत्या माणसाची नजर फिरावी म्हणून मी नानांना बोलावलं. नाना आमच्याच आळीत एकटे राहत. जमाखर्चात त्यांचा हात धरणारा अख्ख्या पेठेत कोणी नाही, असं सगळे म्हणत. अंगाने काटकुळे, पण ओठावर मिशी अशी झुपकेदार की चहा पिताना ती एका हाताने वर धरावी लागे.

नाना ओसरीवर बसले. कीर्द उघडली, खतावणी उघडली, बोट लावून काही पानं वाचली. मग वह्या मिटल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, एक बादली पाणी द्या. गारच चालेल."

आणि अंगणात जाऊन ती अख्खी बादली त्यांनी धोतरासकट डोक्यावर ओतून घेतली! मयताची बातमी कानावर आली की माणूस जशी आंघोळ करतो, अगदी तशी. आमच्या हिचे मामा तेव्हा यावलला अंथरुणाला खिळून होते. नाना त्यांचाच निरोप घेऊन आले असं वाटून हिने टाहो फोडला. तो ऐकून शेजारणी धावल्या आणि त्यांच्या मागून त्यांचे नवरे. "अहो, कोणी गेलेलं नाही!" असं ओरडत मी एकेकाला परत पाठवत होतो आणि नाना शांतपणे धोतराचा सोगा पिळत उभे होते.

"नाना, हा काय प्रकार?" मी जवळजवळ किंचाळलोच.

"मी काही बोललो का?" नाना म्हणाले.

नाही बोलले, हे खरंच होतं. दुसऱ्या दिवाणजीच्या कामाबद्दल त्याच्या मालकापुढे अवाक्षर काढायचं नाही, हा धंद्यातला सभ्यपणा. नाना तो प्राणपणाने पाळत. वही वाईट आहे असं त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकलं नाही. ते फक्त आंघोळ करत. नुसती खाडाखोड असेल तर पाय धुऊन भागे. जमेची रक्कम नावे पडलेली दिसली की मात्र डोक्यावरून पाणी. "दूरच्या नात्यातलं कोणी गेलं तर सुतक किती? एका आंघोळीपुरतं," ते मला समजावून सांगत. "दुसऱ्याची वही म्हणजे दूरचं नातं. त्याहून जास्त आपण करू नये."

आमच्या दिवाणजींनी त्याच आठवड्यात गाशा गुंडाळला आणि ते भडगावला मुलाकडे निघून गेले. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं, पण अंगणातला ओलावा त्यांनी पाहिला होता. पुढे पुढे पाचोऱ्यापर्यंत नानांची कीर्ती गेली. नाना एखाद्या पेढीवर शिरले की बाहेर माणसं बादलीचा आवाज ऐकायला थांबत. शेवटी पेठेतले सगळे दिवाणजी मिळून नानांकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. "नाना, काय शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आंघोळ करू नका. लेकराबाळांची माणसं आहोत."

"शिव्या? मालकासमोर?" नाना हादरलेच. "मला काय तितका असंस्कृत समजलात?"

त्यांचा आणखी एक नेम होता. वही कोणी लिहिली हे ते विचारत नसत आणि कोणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवत. नाव कळलं की नजर फिरते, असं त्यांचं म्हणणं. या नेमानेच धुळ्याला घोटाळा झाला.

धुळ्याला माझ्या मेहुण्याची कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होती. तिथल्या म्हाताऱ्या दिवाणजींच्या वह्यांत काहीतरी गडबड आहे असा त्याला संशय होता. मी नानांना घेऊन गेलो. मेहुण्याने अंगणात बादली आधीच भरून ठेवली होती. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "नानांनी आंघोळ करी का म्हाताऱ्याले आजच घरी धाडसू." म्हातारे दिवाणजी ओट्यावर, भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ती बादली पाहिली होती की नाही, मला कळलं नाही. मला मात्र तिच्याकडे पाहवेना.

नानांनी कीर्द उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो आणि हबकलोच. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. पाचोऱ्याच्या कापसाचे पैसे भडगावच्या खात्यावर पडले होते. आता आंघोळ, मी मनाशी म्हटलं. पण नानांचं बोट पानावरच्या मोडी अक्षरावर थांबलं ते थांबलंच. ते वळण त्यांनी ओळखलं होतं.

नाना उठले, टोपी न काढताच अंगणात गेले आणि बादलीपाशी उभे राहिले. जिनमधले गडी कामं सोडून बघत होते. नानांनी तांब्या भरला आणि ओट्याकडे वळले. म्हाताऱ्याच्या नाकावरचा दोऱ्याने बांधलेला चष्मा त्यांनी हळूच काढला, तांब्याच्या पाण्याने धुतला, उपरण्याने पुसला आणि परत नाकावर बसवला.

"कोन शे रे?" म्हाताऱ्याने डोळे बारीक केले.

"आबा, मी शे. विठ्ठल."

"इठ्ठल? कव्हय उना? जेवना का रे?"

कधी आलास, जेवलास का, आबा विचारत होते. नाना माझ्या मेहुण्याकडे वळले आणि मालकासमोर दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलू लागले! मी आ वासून ऐकत होतो. "शेठ, वह्यांत चुका आहेत. आबांची नजर गेली आहे, अक्कल गेलेली नाही. महिन्याच्या महिन्याला येऊन मी त्यांच्याशेजारी बसेन आणि वह्या नीट लावून देईन, मला काही देऊ नका. पण दिवाणजी हेच राहतील. आणि ही गोष्ट या ओट्याखाली उतरता कामा नये."

मेहुण्याने गड्यांना कामाला पिटाळलं. मग तो म्हणाला, "बरं शे, नाना."

परतताना चाळीसगावला आम्ही गाडी बदलली. मग नाना आपणहून म्हणाले, "प्लेगात घरातला मी एकटा उरलो. पोराला कोणी दारात उभं करेना. आबांनी ओट्यावर बसवून स्वतःच्या हातांनी मला आंघोळ घातली आणि घरात घेतलं. जमा कशाला म्हणायचं, नावे कशाला म्हणायचं, त्यांनीच शिकवलं." मग म्हणाले, "मोठा झालो आणि त्यांच्याकडे जायचा थांबलो. कधीतरी त्यांची वही हातात येईल, ही भीती होती."

त्यानंतर नानांनी कुणाच्या वहीवरून आंघोळ केली नाही. मालकाला बाहेर घालवत आणि दिवाणजीला शेजारी बसवून हळू आवाजात चूक दाखवत. पेठ चक्रावून गेली. आळीतल्या लोकांना तर करमेनासं झालं.

म्हणून पुढच्या वर्षी एका सकाळी नाना आडावर धोतरासकट आंघोळ करताना दिसले, तेव्हा आळीला आनंदच झाला. "नाना, कोणाची वही?" एकाने विचारलं आणि सगळे हसले. नानांनी मान वर केली नाही. जिनचा एक गडी पहाटेच्या गाडीने धुळ्याहून आला होता आणि निरोप सांगून तसाच परतला होता, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग न्हावी आला. नाना ओल्या अंगानेच त्याच्यासमोर पाटावर बसले. आधी डोकं झालं, तेव्हाही कोणीतरी हसत होतं. मग वस्तरा ओठावर आला आणि ती झुपकेदार मिशी आडाच्या कट्ट्यावर पडली. हसणं जागच्या जागी थांबलं. मिशी बापासाठीच काढतात. नानांना बाप होता हे आळीला त्या क्षणी कळलं, आणि तो आता नाही हेही. आडाभोवतीची माणसं एकेक करून खाली मान घालून घरात गेली. मीही गेलो.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. दुपारी ही आणि मी झाकल्या ताटात पिठलं-भाकरी घेऊन गेलो. नानांनी दार उघडलं. मिशीवाचून त्यांचा चेहरा एकदम लहान दिसत होता.

ताटाकडे बघत ते म्हणाले, "पण मी काही बोललो का?"

"नाही बोललात," ही म्हणाली. "जेवला का, नाना?"

नाना उंबरठ्यावर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले.